शास्त्रविदुषी डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे चरित्र असावे, हा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. संतसज्जनांची, समाजसुधारकांची, दानशूर उद्योगपतींची चरित्रे आपण आदराने वाचतो. या अंकासाठी मात्र एका शास्त्रविदुषीचे चरित्र निवडले आहे. डॉ. कमलाबाई सोहोनी या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आणि करवीरनगरीच्याही नव्हत्या. परंतु विद्येच्या क्षेत्रात कुळ आणि गाव यांपेक्षा व्यासंग मोठा मानला जातो. शिवाय आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांतील मुली विज्ञानशाखेकडे वळत आहेत. त्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न घराघरांत चर्चिला जातो. अशा वेळी कमलाबाईंच्या चरित्राचे मनन करणे उचित होईल.

बंद दाराची कथा कोल्हापूरकरांस नवी नाही. विद्येचे दार ज्यांना शतकानुशतके बंद होते, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू छत्रपतींनी ते उघडले. इ. स. १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहू लागली, आणि १९१७ साली संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहावे, ही परंपरा आपल्याकडे तेव्हापासून रुजली. ही वसतिगृहे प्रामुख्याने मुलांसाठी होती. तथापि मुलींच्या शिक्षणाकडेही महाराजांचे लक्ष होते. रखमाबाई केळवकर यांच्याकडे संस्थानातील मुलींच्या शाळांची देखरेख सोपविलेली होती. त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर दरबारच्या साहाय्याने वैद्यकीचे उच्च शिक्षण घेण्यासाठी विलायतेस गेल्या व परत येऊन येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली. कृष्णाबाईंचे भाग्य असे की, दार उघडणारा राजा त्यांना लाभला. कमलाबाईंना ते दार स्वतःच्या निश्चयाने उघडावे लागले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. मराठी साहित्यात आपल्या विद्वत्तेने व निर्भयपणाने अढळ स्थान मिळविणाऱ्या दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९७५ साली जवळच कऱ्हाड येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध जो धीटपणा दाखविला, त्याची आठवण आपल्या वयोवृद्ध वाचकांना असेलच. तसाच बाणेदारपणा धाकट्या बहिणीच्या अंगी त्यापूर्वी चार दशके दिसून आला होता. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. साहजिकच घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते, आणि मुलीने त्याच मार्गाने जावे यास घरातून आडकाठी झाली नाही.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन त्यांनी अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण केली. वडिलांनी व चुलत्यांनी जेथे विद्या संपादन केली, त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. गुणवत्ता असल्यावर प्रवेशास अडचण कोणती, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु अर्ज नाकारण्यात आला. संस्थेचे संचालकपद त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे होते. अर्जदार ही स्त्री आहे, एवढेच कारण त्यांस नकारासाठी पुरेसे वाटले. रामन यांची शास्त्रीय थोरवी वादातीत आहे. पण थोर माणसाच्या ठायीही आपल्या काळाचा पूर्वग्रह कसा घर करून राहतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

कमलाबाई मुंबईहून थेट बंगळूरला गेल्या व नकाराचे समाधानकारक कारण मिळेपर्यंत माघार न घेण्याचा त्यांनी निर्धार केला. देशभर गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे वाहत होते. त्याच मार्गाने त्यांनी संचालकांच्या कार्यालयापुढे ठिय्या दिला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तो तीन अटींवर. पहिले वर्ष त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नव्हती; त्यांच्या कामाविषयी संचालकांचे समाधान झाले तरच तो काळ धरला जाणार होता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि तिसरी अट अशी की, त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. ही शेवटची अट एखाद्या बुद्धिमान तरुणीस किती बोचली असेल, याची कल्पना आपल्या भगिनींस सहज येईल. कमलाबाईंनी तो अपमान गिळला, पण तो त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी या प्रसंगाविषयीची खंत जाहीरपणे व्यक्त केली.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण विद्यार्थ्यांविषयी आस्था बाळगणारे गुरू होते. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत कामाचा परिपाठ असे. दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास हा कमलाबाईंचा विषय होता. वरवर पाहता हा विषय स्वयंपाकघरातला वाटेल. परंतु त्याचे महत्त्व फार मोठे होते. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या ताटात मांसमच्छी क्वचितच येते. शरीराची झीज भरून काढणारी आणि वाढत्या मुलांचे स्नायू घडविणारी प्रथिने त्यांना मिळतात ती मुख्यतः डाळ-उसळीतून व थोड्याशा दुधातून. तेव्हा कोणत्या कडधान्यात कोणती प्रथिने आहेत, आणि ती कितपत पचतात, हे जाणणे म्हणजे गरिबांच्या आरोग्याचे मर्म जाणणे होय. या संशोधनावर १९३६ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस एम. एस्सी. पदवी दिली.

या यशाहूनही मोठे असे एक यश त्यांच्या पदरी पडले. एका वर्षाच्या अवधीत त्यांचे काम आणि त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले. कमलाबाईंस नियमित संशोधक म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसही उघडले. पुढे हवामानशास्त्रात कीर्ती मिळविणाऱ्या अण्णा मणी यांनी १९४० नंतर याच संस्थेत, खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले. एका विद्यार्थिनीने जाचक अटी सोसल्या, त्याचे फळ पुढील अनेकींना मिळाले.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेल्या व तेथील न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. केंब्रिजची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या काळी जगात अग्रगण्य मानली जाई. तिचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल १९२९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. स्त्री-संशोधकांना आपल्या प्रयोगशाळेत मोकळेपणाने स्थान देणारे म्हणूनही हॉपकिन्स यांची ख्याती होती. बंगळूरला जे स्थान अटींवर मिळाले, ते येथे सहजपणे मिळाले. पण विलायतेतही सर्व काही समान होते असे नव्हे. खुद्द केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पदवीधर म्हणून पुरुषांच्या बरोबरीचे पूर्ण हक्क दिले ते १९४८ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर.

केंब्रिज येथे कमलाबाईंनी प्रथम डॉ. डेरिक रिक्टर यांच्यासमवेत व नंतर वनस्पतींच्या जीवनक्रियांचे गाढे अभ्यासक डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले संशोधन याच काळातले आहे. ते थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल.

आपण खातो ते अन्न शरीरात जळते, असे आपण म्हणतो. परंतु चुलीत लाकूड भडकून जळते तसे ते जळत नाही. तसे झाले असते तर पेशी क्षणात भस्म झाली असती. पेशीमध्ये हे ज्वलन पायऱ्यापायऱ्यांनी होते. अन्नघटकांतून निघालेले विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सोपविले जातात आणि अखेरीस प्राणवायूस जाऊन मिळतात. विहिरीवरून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पोहोचवाव्यात, तसाच हा प्रकार आहे. या हस्तांतरात जी शक्ती मोकळी होते, ती पेशी साठवून ठेवते व त्या शक्तीवर आपले हृदय चालते, हात हलतात आणि बुद्धी विचार करते. या रांगेतील काही महत्त्वाचे वाहक म्हणजे सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने. केंब्रिज येथेच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली प्राणी, यीस्ट आणि वनस्पती यांतील या द्रव्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. तथापि वनस्पतींच्या पेशींत त्यांचे कार्य नेमके कसे चालते, हे पुरते उलगडले नव्हते.

कमलाबाईंनी यासाठी निवडला तो आपल्या घरोघरी असणारा साधा बटाटा. बटाट्याच्या व इतर वनस्पतींच्या पेशींवर प्रयोग करून त्यांनी असे दाखविले की, सायटोक्रोम सी हे द्रव्य तेथेही आहे आणि प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या ज्वलनात त्याचा सहभाग आहे. डॉ. हिल यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला शोधलेख १९३९ साली ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणूस श्वास घेतो, बैल श्वास घेतो, आणि पोत्यात निमूटपणे पडून राहिलेला बटाटाही श्वास घेतो. तिन्हींच्या पेशींत जीवनाग्नी एकाच रीतीने तेवत असतो, असा या संशोधनाचा भावार्थ सांगता येईल. चराचरात एकच तत्त्व भरून आहे असे आपल्या संतांनी अनुभवाने सांगितले. शास्त्राची भाषा निराळी व प्रमाणे निराळी. तरीही त्या दिशेचे एक पाऊल प्रयोगशाळेत पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

या संशोधनावर १९३९ साली त्यांस केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. प्रबंध अवघ्या ४० पृष्ठांचा होता व तो सुमारे १४ महिन्यांच्या कामातून सिद्ध झाला होता. प्रबंधाची जाडी म्हणजे विद्वत्तेचे माप नव्हे, हे यावरून दिसून येते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ साली अमेरिकेत डॉक्टरेट मिळाली होती. त्यानंतर विज्ञानशाखेत हा बहुमान संपादन करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत कमलाबाईंची गणना होते.

परदेशात संशोधनाची उत्तम सोय असतानाही त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून, आणि नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेत साहाय्यक संचालिका म्हणून त्यांनी काम केले. कुन्नूर येथे जीवनसत्त्वांचा शरीरावर होणारा परिणाम हा त्यांचा अभ्यासविषय होता. १९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. संसार व संशोधन ही दोन्ही व्रते त्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळली.

मुंबईतील त्यांचे संशोधन पुन्हा गरिबांच्या ताटाकडे वळले. कडधान्यांत प्रथिने विपुल असली, तरी ती पचविणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक द्रव्यास अडविणारे घटकही काही कडधान्यांत असतात. असे घटक आपल्या नित्याच्या खाद्यपदार्थांत कोठे व किती आहेत, याचा शोध त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतला. कडधान्य भिजवावे, मोड आणावेत आणि चांगले शिजवावे, ही आपल्या आजीबाईंची रीत किती शहाणपणाची होती, हे अशा संशोधनाने कळून येते. कारण त्या संस्कारांनी यांपैकी बराच अडथळा दूर होतो.

नीरा या पेयावरील त्यांचे काम तर विशेष लोकोपयोगी ठरले. ताड-माडासारख्या वृक्षांपासून मिळणारा हा गोड रस ताजा असेतोवर नीरा, आणि आंबला की ताडी होतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास हाती घेतला. नीरेत लोह व जीवनसत्त्वे असून त्यांतील बराच अंश नीरा आटवून केलेल्या गुळातही टिकतो, असे त्यांस आढळले. कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात, विशेषतः आदिवासी भागांत, नीरेची भर घातल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. उसाच्या गुऱ्हाळांच्या या मुलखात गुळाची महती सांगावयास नको. पण ज्या माळरानावर ऊस पिकत नाही तेथील गरिबाला त्याच्या दारचे झाड काय देऊ शकते, हे या विदुषीने प्रयोगाने दाखवून दिले.

एवढी योग्यता असूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यावयास विलंब लागला, आणि त्या स्त्री होत्या हे त्यामागील कारण असल्याचे मानले जाते. बंगळूरला बंद झालेले दार मुंबईतही पुरते उघडलेले नव्हते. अखेर ते पद त्यांनी भूषविले. आपले ज्ञान केवळ विद्वानांपुरते ठेवावे, असे त्यांस कधीच वाटले नाही. आरे दूध योजनेस दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला. १९६६ साली मुंबईत काही जागरूक गृहिणींनी व कार्यकर्त्या स्त्रियांनी ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठी संस्था स्थापन केली. कमलाबाई तीत अग्रभागी होत्या, आणि १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षाही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांच्या हिताविषयी त्यांनी लेखन केले, आणि ‘आहार-गाथा’ या पुस्तकाद्वारे आहारशास्त्र मराठी गृहिणीपर्यंत पोहोचविले. केंब्रिजची डॉक्टरेट मिळविलेल्या विदुषीने भेसळ कशी ओळखावी हे गृहिणींना समजावून देण्यात कमीपणा मानला नाही.

१९९८ साली दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने त्यांचा गौरव करण्यात आला. त्या समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे देहावसान झाले. ज्या विद्वत्सभेत स्त्रीला स्थान मिळावे म्हणून त्यांना तरुणपणी दाराशी बसावे लागले, त्याच विद्वत्सभेने केलेला हा अखेरचा सन्मान होता.

कमलाबाईंच्या निधनानंतर त्यांचे शास्त्र फार पुढे गेले आहे. शिवाजी विद्यापीठात आज जीवरसायनशास्त्राचे अध्यापन होते. या विषयाची विद्यार्थिनी कोणत्याही विद्यापीठात असो, तिच्या अभ्यासक्रमात स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाचे प्रकरण येते. आपण खाल्लेल्या तेलातुपातील मेदाम्लांचे पेशीत तुकडे कसे होतात, ते क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेल्या चक्रात कसे शिरतात आणि त्यांतून निघालेले विद्युत्कण सायटोक्रोमांच्या रांगेत कसे जातात, हे तिला शिकावे लागते. त्या रांगेत तिची गाठ कमलाबाईंच्या सायटोक्रोम सी या द्रव्याशी पडतेच. शेवटी ती जनुकांच्या अभिव्यक्तीपर्यंत येते, म्हणजे पेशीतील जनुकांत लिहिलेली आज्ञा वाचून प्रथिने कशी घडविली जातात या प्रकरणापर्यंत. तेथेही हेच प्रथिन पुन्हा भेटते. माणसाच्या सायटोक्रोम सी मध्ये १०४ ॲमिनो आम्लांची माळ असते, आणि चिंपांझीच्या शरीरातील ही माळ माणसाच्या माळेशी तंतोतंत जुळते. निरनिराळ्या प्राण्यांतील व वनस्पतींतील या माळांची तुलना करून त्यांचे परस्परांशी असलेले नाते शास्त्रज्ञांनी ताडून पाहिले. १९९६ साली तर असेही उघडकीस आले की, पेशीचा अंतकाळ आला असता तिच्या नियोजित मृत्यूची खूण देण्याचे कामही हेच प्रथिन करते. एका तरुण मराठी स्त्रीने बटाट्याच्या पेशीत ज्याचा मागोवा घेतला, ते द्रव्य जीवनाच्या व मृत्यूच्या दोन्ही दारांशी उभे आहे.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? कमलाबाईंच्या धैर्याचे गुणगान करणे सोपे आहे. परंतु त्यांस धैर्य दाखवावे लागले, यात समाजाचे भूषण नाही. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीस केवळ प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागावा, ही गोष्ट लज्जास्पदच होती. आज विद्यापीठाचे दार मुलींना कायद्याने व नियमाने उघडे आहे. अडसर आता बहुधा घरातच असतो. मुलीने पदवीपर्यंत शिकावे, पण संशोधनात पाच-सहा वर्षे घालवू नयेत. परगावी प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत काम करू नये. लग्नाचे वय टळेल, असे विचार आपल्या घरांतून अजूनही ऐकू येतात. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, मायेपोटीच ते बोलले जाते. तरीही थोडे अंतर्मुख होऊन पाहिल्यास असे आढळेल की, बंगळूरच्या त्या तीन अटी आणि आपल्या मायेच्या अटी यांत फारसा फरक नाही. कमलाबाईंच्या वडिलांनी व चुलत्यांनी तशी अट घातली नाही, म्हणूनच बाहेरच्या अटींशी झगडण्याचे बळ त्यांच्या अंगी आले, हे विसरता कामा नये.

राजर्षींच्या या नगरीत ज्ञातिसंस्थांनी मुलांच्या शिक्षणासाठी छत्र उभारले. त्याच परंपरेस स्मरून, आपल्या प्रत्येक कुटुंबाने शिकू इच्छिणाऱ्या कन्येमागे तेवढ्याच विश्वासाने उभे राहावे, आणि दाराशी बसून राहण्याची वेळ तिच्यावर येण्यापूर्वीच ते दार उघडावे. कमलाबाईंच्या स्मृतीस हेच खरे अभिवादन ठरेल. श्रीमहालक्ष्मी आपल्या सर्व कन्यांना विद्या, आरोग्य व निर्धार देवो, ही प्रार्थना.